सोडलेली दोन गणितं

“दुसऱ्या वर्गातच कायले शोधून राह्यले मास्तर? जरा खालीबी पाहा,” भीमसिंग चहा गाळता गाळता म्हणाला.

बबनराव मास्तरांनी ते ऐकलं, पण बोट दुसऱ्या वर्गाच्या रकान्यावरून उचललं नाही. नागपूरचा पेपर दुपारच्या गाडीने आला होता आणि बाभुळगावच्या स्टँडवर भीमसिंगाच्या हॉटेलातल्या एकुलत्या एका टेबलावर पसरला होता. मॅट्रिकचा निकाल होता. पानभर नुसते नंबर. आपल्याला दुसरा वर्ग मिळणार याची मास्तरांना पक्की खात्री होती आणि परीक्षा झाल्यापासून ती खात्री ते गावभर वाटत फिरले होते. आता तेच गाव टेबलाभोवती बशीतून चहा ओढत उभं होतं.

बोट खाली आलं. तिसऱ्या वर्गात नंबर सापडला.

“निघाले! मास्तर निघाले!” भीमसिंगाने आरोळी ठोकली. त्याचा आनंद खरा होता, पण मास्तरांना तो त्या क्षणी नकोसा वाटला. छत्तिसाव्या वर्षी माणूस मॅट्रिक होतो आणि तेही तिसऱ्या वर्गात, यात आरोळी ठोकण्यासारखं काय आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

“अन् बाईचा नंबर?”

बाईचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, विमलचा नंबर त्यांच्याच पुढचा होता. मास्तरांनी तिसऱ्या वर्गात पाहिलं. त्यांच्या नंबरानंतर मधले नंबर गाळून यादी पुढे पळाली होती. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग पेपरची घडी घातली.

“गेली,” ते म्हणाले.

त्यांना वाईट वाटलं, हे खरंच. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं झालं, हेही तितकंच खरं. तिसरा वर्ग आता तितकासा टोचत नव्हता.

दोघंही प्राथमिक शाळेत मास्तरकी करत होते आणि दोघंही सातवी पास होते. जिल्हा परिषद नुकतीच झाली होती आणि यापुढे मॅट्रिक नसलेल्याला हेडमास्तर करणार नाहीत, असं बोललं जात होतं. पण मास्तरांचं मन नुसत्या मॅट्रिकवर थांबणारं नव्हतं. सातवीनंतर वडलांनी, रामरावांनी, त्यांना शाळेतून काढलं तेव्हापासून अमरावतीचं कॉलेज त्यांच्या डोक्यात घर करून होतं. मॅट्रिक व्हायचं, बिनपगारी रजा काढायची, अमरावतीला आर्टसला नाव घालायचं आणि बी.ए. होऊनच परत यायचं. तोवर विमलच्या पगारावर घर चालेल. पत्र्याची हिरवी पेटी घेऊन झाली होती. शाळेचे बोर्ड मास्तरच रंगवत, तेव्हा पेटीवर पांढऱ्या रंगाने नावही त्यांनीच घातलं होतं: बबन रामराव गावंडे.

विमल परीक्षेला बसली ती नुसती सोबत म्हणून. “एकट्याले पोट्ट्यायमंदी बसाची लाज वाटते वं,” मास्तर म्हणाले, आणि तिने फॉर्म भरला. हिवाळाभर रोज दिवे लागल्यावर मास्तर आडवे पडत आणि ती भाकरी थापता थापता त्यांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवी. मास्तरांना मध्येच डुलकी लागे, तरी ती वाचतच राही. इंग्रजी मास्तरांनीच तिला शिकवलं होतं, म्हणजे सुरुवातीचं. पुढचं ती केव्हा आणि कसं शिकली याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, तिचंही नसावं.

मास्तर घरी आले तेव्हा ती तूर पाखडत होती.

“निघालो. थर्ड क्लास,” मास्तर म्हणाले. “तुहा नंबर नाई. म्या दोनदा पाह्यला.”

“तुमी निघाले ना? मंग झालं,” विमल म्हणाली. “देवापुढं गूळ ठेवते.” तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि उठली. तिच्या आवाजात रडं नव्हतं. मास्तरांना तिची दया आली आणि तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसवायचं असं त्यांनी मोठ्या मनाने ठरवून टाकलं.

गूळ देवापुढे पोचला न पोचला तोच ग्रामसेविका इंदुताई अंगणात आल्या. हातात तोच पेपर होता. इंदुताई अमरावतीच्या, शेजारच्या खोलीत एकट्याच राहात, आणि विमलला त्यांनी आपली वह्या-पुस्तकं दिली होती.

“मास्तर, पह्यल्या वर्गात पाह्यलं होतं का तुमी?”

“पह्यल्या वर्गात कोणाचं पाहाचं?” मास्तरांनी विचारलं.

इंदुताईंनी पेपर त्यांच्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. पहिल्या वर्गाचे नंबर मोजकेच होते. त्यांत विमलचा होता.

ओसरीवर मास्तरांची म्हातारी माय बसली होती. तिने विचारलं, “काय झालं रे बबन?” मास्तर पुन्हा पुन्हा तो नंबर वाचत होते. विमलने दाराची चौकट धरली होती. एवढी चांगली बातमी ऐकून एखाद्या बाईचा चेहरा इतका उतरलेला इंदुताईंनी तोवर पाहिला नव्हता.

गावाने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. दुसऱ्या दिवसापासून जो तो मास्तरांची पाठ थोपटू लागला. “वा मास्तर, बायकोले काय तयार केलं!” “शिकवणारा पक्का पाह्यजे बाप्पा!” मास्तर हसून मान हलवत. नाही म्हणणं अवघड होतं, आणि हो म्हणताना दर वेळी आत काहीतरी खरचटत होतं.

इंदुताई मात्र स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मास्तरांना ओसरीवरच गाठलं. “विमलताईले अमरावतीले पाठवा. गणितात डोकं हाय तिचं, सायन्सले नाव घाला. बायांच्या होस्टेलात मी सोता राह्यली हावो, जागा भेटते. फर्स्ट क्लासले कोणी नाई म्हनत नाई.”

“अमरावतीले तर मी चाललो,” मास्तर म्हणाले.

“दोघायचा पगार बंद झाला त खासान काय?” म्हातारीने मध्येच विचारलं. प्रश्न बरोबर होता. एकालाच जाता येणार होतं.

मास्तरांनी मग एक तोड काढली. विमलने यवतमाळच्या कॉलेजात आर्टसला जावं, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी स्वयंपाकाला परत. पण तेसुद्धा त्यांचं स्वतःचं बी.ए. झाल्यावर. आपण किती उदार झालो आहोत असं त्यांना वाटत होतं. विमल “बरं” म्हणाली. ती सगळ्यालाच “बरं” म्हणत होती आणि इंदुताई तिच्यावर चिडल्या होत्या.

पण मास्तरांच्या डोक्यातून बीजगणिताचा पेपर जाईना. एके सकाळी ते प्रश्नपत्रिका घेऊन चुलीसमोर पाटावर बसले.

“हे शेवटून दुसरं कसं केलं तुनं? मले त काहीच सुचलं नाई.”

विमलचा हात पिठात होता. तिने तो पुसला, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं. मास्तर बघत राहिले. इतकं सरळ होतं ते.

“अन् शेवटचं?”

तिने तेही लिहिलं. ते थोडं लांब होतं. भाकरी करपेल म्हणून मध्ये ती उलटली आणि पुन्हा लिहू लागली.

“पेपरातबी असंच केलं होतं?”

विमलने भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली.

“अवं, इचारून राह्यलो मी.”

“पेपरात नाई केली ही दोन.”

“काहून? टाइम नाई पुरला?”

“टाइम लय होता.”

“मंग?”

तिने कोळसा चुलीत टाकला. “तुमी पेन ठेवला होता,” ती म्हणाली.

मास्तरांना प्रथम कळलंच नाही. यवतमाळच्या त्या परीक्षेच्या हॉलमध्ये ते तिच्या पुढच्या बाकावर होते. त्यांनी पेनला टोपण लावलं होतं, हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहात बसले होते, एवढं त्यांना आठवत होतं.

“मले वाटलं तुमचं समदं झालं,” विमल म्हणाली. “म्हटलं आपन दोन सोडावी. म्हंजे तुमच्या वर नाई जानार.”

मास्तरांचं सगळं झालं नव्हतं. निम्मंच झालं होतं. पुढचं काही येत नव्हतं म्हणून त्यांनी पेन ठेवला होता. विमलने आपल्या नवऱ्याला पुरे मार्क धरले आणि त्यांच्या खाली राहण्यासाठी स्वतःचे कापले. तिचा हिशोब बरोबर होता, फक्त नवऱ्याबद्दलचा अंदाज चुकला होता.

“म्हंजे तुनं माह्यावर दया केली?” मास्तरांचा आवाज चढला. ओसरीवर म्हातारीने कान टवकारले.

“दया कायची?” विमल खरोखरच गोंधळून म्हणाली. “तुमी जेवल्याबिगर मी जेवत नाई, ते काय दया हाय?”

मास्तरांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली. ते उठले, टोपी घातली आणि न जेवता बाहेर पडले. दिवसभर ते कुठे कुठे हिंडले. राळेगावच्या रस्त्याने बरंच लांब गेले आणि परत आले. लोकांनी रामराम केला तर त्यांनी परत केला. त्यांना राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं. तिने त्यांना दुखवायला म्हणून केलं असतं तर रागावता आलं असतं. ती तर रोजच्यासारखीच वागली होती. रस्त्याने ती मागून चालायची, शाळा सुटली की फाटकाशी थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायची, आणि त्यांनी ते कधी पाहिलंही नव्हतं, कारण ते मागे घडत होतं.

दिवेलागणीला ते घरी आले. शिंकाळ्यात सकाळच्या भाकरी फडक्यात तशाच होत्या, त्यांच्याही आणि तिच्याही.

“जेवली नाई तू?”

“तुमी कुठी जेवले?”

मास्तर पाटावर बसले. विमलने ताट वाढलं. एक घास खाल्ल्यावर ते म्हणाले, “तुहंबी घे.” तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. त्यांनी भराभर खाऊन घेतलं, कारण तिला लवकर जेवायला मिळावं याचा तेवढाच एक उपाय होता.

शाळा उघडल्या. कॉलेजात नावं घालायचे दिवसही जवळ आले. पेटी ओसरीवर येऊन बसली होती. मास्तर येता-जाता तिच्याकडे पाहात आणि कपडे भरायचं उद्यावर टाकत.

त्यांची मुलगी कोकिळा यंदा त्यांच्याच चौथीच्या वर्गात आली होती. त्यांनी भागाकार घातला आणि ते वर्गातून फिरू लागले. कोकिळेने पाटी मांडीवर पालथी घातली होती आणि ती गप्प बसली होती. मास्तरांनी पाटी उचलली. उत्तर बरोबर होतं आणि केव्हाच लिहून झालं होतं.

“झालं त दाखवाचं नाई?”

“पोरायचं व्हाचं हाय अजून, गुरुजी,” कोकिळा म्हणाली. शाळेत ती त्यांना गुरुजीच म्हणे.

“असं कोनं सांगतलं तुले?”

“तुमीच. आंधी पोरं, मंग पोरी. गलका होते म्हून.”

खरंच, त्यांनीच सांगितलं होतं, आणि एका कोकिळेलाच नव्हे, वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाला. कोणी तक्रार केली नव्हती. मास्तरांनी वर्गभर नजर टाकली. मागच्या रांगेत सगळ्या मुलींच्या पाट्या पालथ्या होत्या. कोणत्या पाटीवर काय आहे हे सांगता येत नव्हतं. मास्तर उगाचच कोकिळेवर खेकसले, “सरळ ठेव पाटी!” आणि पोर रडवेली झाली. मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की सुटीची घंटा त्यांनी वेळेआधीच द्यायला लावली.

संध्याकाळी त्यांनी विमलला सांगितलं, “अमरावतीले तू जाजो. सायन्सले.”

“मी नाई जात,” विमल म्हणाली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच “बरं” सोडून काहीतरी म्हटलं होतं. “थर्ड क्लासले आर्टस् भेटते. तुमी जा. लहानपनापासून तुमच्या मनात हाय, मले काय मालूम नाई?”

“होतं मनात.”

“मंग जा ना.”

“कसा जाऊ?” मास्तर म्हणाले. “जठी बसीन तठी मले वाटीन, माह्या मांगं कोनीतरी पेन ठेवून बसलं हाय. मले नाई जमत आता ते.”

विमल रडली. निकालाच्या दिवशी न आलेलं रडं आता आलं. “माह्यं चुकलं,” ती म्हणत होती, “म्या फॉर्मच भराले नाई पाह्यजे होता.” आणि मास्तर मान हलवत नाही, नाही म्हणत होते. त्यांचेही डोळे भरले होते. ते फार मोठ्या मनाचे झाले होते अशातला भाग नाही. अमरावती त्यांना अजूनही हवी होती, पहिल्याइतकीच हवी होती. ती आपल्याला मिळणार नाही हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं, एवढंच.

म्हातारीने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तो मोडला तो बोलण्यासाठीच. “बाई शिकाले अन् मानूस चुलीपाशी! लोक तोंडात शेन घालतीन.”

“घालू दे, माय,” मास्तर म्हणाले.

पेटी तीच न्यायची होती, दुसरी घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. मास्तर नाव खरवडायला चाकू घेऊन बसले. ‘बबन’मधल्या पहिल्या ‘ब’चा पांढरा रंग जरासा निघाला तोच विमलने त्यांचा हात धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली.

“तुहं नाव टाकतो ना.”

“राहू द्या म्हनते ना मी.”

मास्तरांनी चाकू बाजूला ठेवला. पुढच्या वेळी तुम्ही जाल, असं ती म्हणाली आणि त्यांनी हो म्हटलं. ती पदवीधर होऊन यायची तेव्हा मास्तर चाळिशीला टेकलेले असायचे, आणि मग कोकिळेचं शिक्षण उभं राहायचं. दोघंही शाळामास्तर होते, एवढी बेरीज दोघांनाही येत होती.

निघायच्या दिवशी सकाळच्या गाडीला गर्दी होती. भीमसिंगाने दोघांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. इंदुताई होस्टेलच्या बाईंसाठी चिठ्ठी देऊन गेल्या. म्हातारी स्टँडवर आली नाही, पण घरातून निघताना तिने फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या सुनेच्या हातात कोंबल्या होत्या आणि म्हणाली होती, “अर्ध्या रस्त्यात खाजो. कोनाची वाट पाहू नोको.” मास्तरांनी ते ऐकलं होतं.

विमल खिडकीशी बसली. खाली कोकिळा खिडकीचा गज धरून उभी होती. मास्तर जरा लांब, लिंबाखाली उभे होते. जवळ गेलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं आणि बोलता येईल अशी त्यांना खात्री नव्हती.

कंडक्टर टपावर सामान चढवून घेत होता. हिरवी पेटी हातात आल्यावर तो थांबला आणि वरूनच ओरडला, “ही पेटी कोनाची?”

“माही हाय,” विमल खिडकीतून म्हणाली.

“तुमची? बाई, ह्याच्यावर त मानसाचं नाव हाय. मांगच्या हप्त्यात एक पेटी दुसराच घेऊन उतरला, मले साहेबाच्या शिव्या पडल्या. काय नाव हाय ह्याच्यावर, सांगा. मंगच चढवतो.”

गाडीतल्या बाया वळून तिच्याकडे पाहू लागल्या. विमलने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. शाळेत हजेरी घेतानाही बबन नावाचा मुलगा आला की ती नुसती मान वर करून त्याच्याकडे पाही. एक म्हातारी बाई कंडक्टरला म्हणाली, “काहून छळून राह्यला रे तिले? नवऱ्याचं असंन.” कंडक्टर पेटी धरून उभाच राहिला.

मास्तर लिंबाखालून एक पाऊल पुढे आले. त्यांनी नुसतं “माही हाय रे, मी बबन मास्तर” म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग ते तिथेच थांबले आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

विमलने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी नजर हलवली नाही. तिने पदर सावरला, मान खिडकीबाहेर काढली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, “बबन रामराव गावंडे.”

एवढ्या वर्षांत आपलं नाव तिच्या तोंडून मास्तर पहिल्यांदा ऐकत होते. ते ताठ उभे राहिले. “हजर” हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता, पण तेवढ्यात कंडक्टरने पेटी टपावर ओढून घेतली, खाली उतरून घंटी मारली आणि गाडी हलली.

गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी कोकिळेचा हात धरला. शाळेला अजून अवकाश होता, आणि घरी जाऊन चूल पेटवायची होती.